ऐकणारे यंत्र

पालघर जिल्ह्यातील मोखाडा तालुक्यात सूर्यमाळ नावाचे एक डोंगराळ ठिकाण आहे. पहिला पाऊस होऊन जमीन भिजली, की तेथील उतारावरच्या शेतांतून नांगर धरलेले शेतकरी दिसू लागतात. शेतकऱ्याच्या एका हाती रुमणे असते आणि दुसऱ्या हाती काठी असते. परंतु काठीचा उपयोग तो क्वचितच करतो. तो बैलांशी बोलतो. बांध जवळ आला, की तो जिभेने विशिष्ट आवाज काढतो आणि जोडी आपोआप वळते. दुसरा आवाज काढताच ती थांबते. हेच आवाज एखाद्या परक्या माणसाने काढले, तर बैल कान टवकारतात, क्षणभर घुटमळतात आणि बहुधा जागीच उभे राहतात. त्यांना शब्दाचा अर्थ कोणी समजावून सांगितलेला नसतो. कित्येक दिवस तो आवाज आणि कासऱ्याची ओढ ही दोन्ही एकाच वेळी अनुभवल्यामुळे अमुक आवाज म्हणजे अमुक कृती, अशी सांगड त्यांच्या मनात पक्की बसलेली असते.

मनुष्य आता निर्जीव यंत्रालाही तोंडी आज्ञा देऊ लागला आहे. संगणकापुढे बसून कळफलकास हात न लावता ‘कालचे पत्र उघड’ असे म्हणावे आणि पडद्यावर ते पत्र उघडावे; ‘खाली सरक’ म्हणताच मजकूर वर सरकावा; ‘आईला फोन लाव’ म्हणताच खिशातील दूरध्वनीने आईचा क्रमांक शोधून काढावा, या गोष्टी आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. ज्याला कान नाहीत आणि मनही नाही, असे हे यंत्र आपली आज्ञा ऐकते तरी कसे?

अलिबाबाच्या गोष्टीतील गुहेचे दार तुम्हांस आठवत असेल. तिळाचे नाव घेऊन आज्ञा केली, की ते उघडे. कासीमला नेमके तेच नाव आठवले नाही. त्याने इतर धान्यांची नावे घेऊन पाहिली, पण दार काही हलले नाही. ते दार एकच शब्द जाणत होते. आवाज ओळखणारी पहिली यंत्रे पुष्कळशी या दारासारखीच होती. १९५२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झालेले ‘ऑड्री’ हे यंत्र केवळ शून्यापासून नऊपर्यंतचे अंक ओळखत असे. ते पुरुषभर उंचीच्या कपाटाएवढे होते. ज्याच्या आवाजाशी त्याची जुळवणी केलेली असे, त्याचे अंक ते बहुतेक बिनचूक ओळखी. दुसरा कोणी बोलू लागला, की त्याच्या चुका वाढत. आपल्या नांगराच्या जोडीहून त्याची रीत फारशी निराळी नव्हती. पुढे १९६२ साली सिएटल येथील जागतिक प्रदर्शनात आय.बी.एम. या कंपनीने ‘शूबॉक्स’ नावाचे यंत्र मांडले. दहा अंक आणि बेरीज, वजाबाकी यांसारख्या सहा आज्ञा मिळून त्यास सोळा शब्द येत. तोंडाने हिशेब सांगावा आणि यंत्राने तो करून दाखवावा, हा चमत्कार लोकांनी तेथे पाहिला. तोंडी आज्ञेवर काम करणाऱ्या आजच्या संगणकांचे हे एक पूर्वज होय.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा भारतात घडविलेला संगणक काम करू लागला. त्याच्या उभारणीत भाग घेतलेले डॉ. पी. व्ही. एस. राव यांनी पुढे त्याच संस्थेत मानवी वाणी ओळखण्याच्या संशोधनाचे नेतृत्व केले. भारतीय भाषा यंत्राच्या कानी पडाव्यात, यासाठी मुंबईत इतक्या लवकर प्रयत्न सुरू झाले, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते.

आता यंत्राच्या ऐकण्याकडे वळू. आपण बोलतो तेव्हा तोंडापुढील हवा थरथरते. ही थरथर ध्वनिग्राहकाच्या पातळ पडद्यावर आदळते आणि तिचे रूपांतर कमीजास्त होणाऱ्या विजेच्या प्रवाहात होते. संगणक हा प्रवाह एका सेकंदात सामान्यतः १६,००० वेळा मोजतो आणि प्रत्येक मोजमाप अंकांत टिपून ठेवतो. ‘सूर्यमाळ’ हा शब्द उच्चारण्यास पाऊण सेकंद लागला असे धरले, तर तेवढ्यात यंत्रापाशी १२,००० आकडे जमा होतात. आपण ज्याला शब्द म्हणतो, तो यंत्राच्या लेखी आकड्यांची एक लांबलचक रांग असतो.

या रांगेतून अक्षरे वेचून काढणे हे खरे कठीण काम. त्यासाठी यंत्र आवाजाचे अगदी लहान तुकडे पाडते. एका सेकंदात असे सुमारे शंभर तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्यात बारीक स्वर किती, जाडा स्वर किती, याचे ते माप घेते. ‘स’ म्हणताना दातांतून हवा सुटते, तिचे माप निराळे. ‘आ’ म्हणताना तोंड पूर्ण उघडते, तिचे निराळे. ‘म’ म्हणताना ओठ मिटून नाद नाकावाटे येतो, त्याचे आणखी निराळे. या मापांवरून यंत्र अमुक तुकडा अमुक ध्वनीचा असावा, असा अंदाज बांधते. तो केवळ अंदाज असतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे. यंत्राला कधीही खात्री नसते. त्याला फक्त अधिक संभव आणि कमी संभव एवढेच कळते.

मराठीत तर हा अंदाज बांधणे काही ठिकाणी फारच नाजूक होऊन बसते. ‘चार गुरे आली’ आणि ‘गुरे चार’ ही दोन वाक्ये मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्यातील ‘चार’ म्हणताना जीभ टाळूला लागते. दुसऱ्यातील ‘चार’ म्हणजे चारण्याची आज्ञा, तिच्यातील ‘च’ दातांपाशी उच्चारला जातो. कागदावर दोन्ही शब्द अगदी सारखे दिसतात. मराठी बोलत मोठ्या झालेल्या मुलाला हा भेद कोणी शिकवावा लागत नाही. यंत्राला मात्र ज्यांनी तो भेद राखून बोलून दाखविला, अशा पुष्कळ माणसांचे आवाज ऐकावे लागतात. आपला ‘ळ’ही असाच. प्रमाण हिंदीत तो नाही, इंग्रजीत नाही. त्या भाषांचे आवाज ऐकून तयार झालेल्या यंत्रास ‘ळ’ ऐकू आला, की ते त्याच्या जागी ओळखीचा ‘ल’ बसवू पाहते.

केवळ ध्वनीवरून काम भागत नाही, म्हणून यंत्र आणखी एक युक्ती योजते. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे ते कोट्यवधी छापील वाक्यांवरून आधीच शिकलेले असते. ‘विहिरीचे’ हा शब्द आला, तर त्यामागून ‘पाणी’ येण्याचा संभव मोठा. त्यामुळे वाऱ्याच्या घोंघाटात ‘पाणी’ नीट ऐकू आले नाही तरी यंत्र ते बरोबर लिहिते. माणूसही असेच करतो. तथापि या युक्तीची दुसरी बाजू आहे. जो शब्द छापील मजकुरात क्वचित आला, त्यावर यंत्राचा विश्वास कमी असतो. सूर्यमाळचा एखादा विद्यार्थी यंत्रापुढे आपल्या गावाचे नाव स्पष्ट उच्चारील. पण यंत्राने ‘सूर्यमाला’ हा शब्द विज्ञानाच्या पुस्तकांत हजारो वेळा पाहिलेला असतो आणि ‘सूर्यमाळ’ एखाददुसऱ्या वेळीच. अशा वेळी ते पडद्यावर बेधडक ‘सूर्यमाला’ असे लिहून मोकळे होण्याचा संभव असतो. मुलाने सांगितले गाव आणि यंत्राने लिहिले ग्रहमंडळ!

शब्द ओळखले, म्हणजे आज्ञा कळली असे नव्हे. समजा, ग्रामपंचायतीतील एक कारकून यंत्राकडून पत्र लिहवून घेत आहे. तो म्हणतो, ‘पाण्याची टाकी गळत आहे.’ यंत्र ते लिहिते. मग तो म्हणतो, ‘ही ओळ पुसून टाक.’ आता यंत्राने काय करावे? हे शब्दही पत्रात लिहावेत, की मागची ओळ पुसावी? समोरचा माणूस असता, तर कारकुनाच्या नजरेवरून समजला असता. यंत्राला नजर कळत नाही. म्हणून काही व्यवस्थांत आज्ञेच्या आधी आणि नंतर थोडे थांबावे लागते. काहींत आज्ञेपूर्वी ठरावीक शब्द उच्चारावा लागतो. काहींत लिहिण्याची वेळ आणि आज्ञा देण्याची वेळ निरनिराळी ठेवतात. विरामचिन्हांचा धडा सांगणाऱ्या शिक्षकाची तर विलक्षण पंचाईत होईल. त्यांनी ‘पूर्णविराम’ म्हटले, की यंत्र तो शब्द न लिहिता नुसता ठिपका देऊन बसेल.

आज्ञा कळण्यासाठी यंत्र वाक्यातील क्रिया कोणती आणि ती कशावर करावयाची हे शोधते. ‘कालचे पत्र उघड’, ‘ते कालचे पत्र जरा उघडून दाखव पाहू’ आणि ‘काल आलेले पत्र कुठे आहे?’ या तिन्ही वाक्यांमागील हेतू एकच असू शकतो. पूर्वीच्या यंत्रांना ठरलेले शब्द ठरलेल्या क्रमानेच सांगावे लागत. आजची यंत्रे वाक्याच्या वळणातील असा फरक बऱ्याच अंशी सांभाळून घेतात. पण येथेही मराठीची एक अडचण आहे. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येते आणि नकार बहुधा त्याच्याही शेवटी. ‘हे पत्र पुसून टाकू...’ एवढे ऐकून उतावळ्या यंत्राने पत्र पुसले आणि मागून ‘नकोस’ आले, तर काय उपयोग? यास्तव बोलणारा खरोखर थांबला याची खात्री होईपर्यंत यंत्रास वाट पाहावी लागते. जे पुसल्यावर परत मिळणार नाही, ते पुसण्यापूर्वी त्याने पुन्हा विचारावे, हे तर उत्तमच.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. हाताने कळ दाबणे सोपे असताना बोलत कशाला बसावयाचे? ज्याचे हात धड आहेत, त्याचा हा प्रश्न आहे. अपघाताने किंवा आजाराने ज्याचे हात निकामी झाले, त्याच्यापुढे संगणक असूनही नसल्यासारखा होता. आता पडद्यावरील प्रत्येक खुणेशेजारी एकेक क्रमांक उमटतो. त्याने ‘सात’ म्हणावे, की सातव्या क्रमांकाची खूण दाबली जाते. अशा रीतीने तो पत्र लिहू शकतो, पुस्तक वाचू शकतो, नोकरीही करू शकतो. ज्यास डोळ्यांनी दिसत नाही, त्याला यंत्र पडद्यावरचा मजकूर वाचून दाखविते आणि तो तोंडाने पुढची आज्ञा देतो. आणि ज्या आजीबाईंच्या लहानपणी गावात शाळाच नव्हती, त्यांनाही परगावी गेलेल्या नातवाशी बोलण्यासाठी दूरध्वनीतील अक्षरे ओळखण्याचे कारण उरत नाही. अर्थात, नातवाचे नाव त्या ज्या पद्धतीने उच्चारतात, ते यंत्राला कळले पाहिजे.

येथेच या विषयाचा गाभा आहे. यंत्र ज्यांचे आवाज ऐकून शिकते, त्यांचेच बोलणे त्याला चांगले कळते. बैलाने कासऱ्याच्या ओढीबरोबर आवाज ऐकला, तसे यंत्राला आवाज आणि त्या आवाजाचा लिहिलेला मजकूर ही जोडी पुरवावी लागते. अशा जोड्या हजारोंनी, लाखोंनी लागतात. इंग्रजीत त्या पूर्वीच विपुल होत्या. म्हणूनच हात न लावता सबंध संगणक चालविण्याची सोय प्रथम इंग्रजीसारख्या मोजक्या भाषांत झाली. मराठीत बोलून मजकूर लिहिण्याची सोय गूगलने २०१७ साली आणली. कोट्यवधी लोकांच्या भाषेला एवढी वाट पाहावी लागली, याचे एक मोठे कारण आवाजाच्या या जोड्यांची टंचाई हेच होय.

आवाज द्यावयाचे ते कोणी? पुष्कळदा हे काम शहरातील आणि महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांकडून करून घेतले जाते. कारण ते जवळ असतात आणि यंत्राला सरावलेले असतात. खेड्यांतील लोकांना हे जमेल का, अशी शंका घेतली जाई. सूर्यमाळ ज्या तालुक्यात आहे, त्याच मोखाडा तालुक्यातील आमले या आदिवासी गावाचा या बाबतीत आवर्जून उल्लेख केला पाहिजे. संशोधकांनी तेथे आणि राजस्थानातील एका गावात एक प्रयोग केला. तो आवाजाचा नव्हता, हस्ताक्षराचा होता. हाताने लिहिलेले देवनागरी शब्द पाहून ते साध्या, स्वस्त दूरध्वनीवर टंकित करावयाचे, असे काम ग्रामस्थांना मोबदला देऊन सांगितले. २०१९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शंभरांपैकी जवळजवळ सत्त्याण्णव शब्द बरोबर निघाले होते! लोक इतक्या उत्साहाने काम करीत, की त्यांनी अति काम करू नये म्हणून मर्यादा घालावी, अशी शिफारस संशोधकांना करावी लागली.

पुढच्याच वर्षी, २०२० साली, मराठी आवाजाच्या एका अभ्यासाचे निष्कर्ष बाहेर आले. त्यात ३६ जणांनी मराठी वाक्ये वाचून आपला आवाज दिला. खेड्यांतील अल्प उत्पन्नाचे लोक, शहरातील अल्प उत्पन्नाचे लोक आणि विद्यापीठातील विद्यार्थी असे त्यांचे तीन गट होते. सर्वांचे मिळून १०९ तासांचे ध्वनिमुद्रण झाले. ते सलग ऐकावयाचे म्हटले, तर चार दिवस आणि तेरा तास लागतील. गरीब घरांतील माणसांनी दिलेले आवाज विद्यार्थ्यांच्या आवाजांइतकेच उपयोगी ठरले. ज्याला संधी मिळाली नव्हती, तो असमर्थ आहे असे समजण्याची चूक किती सहज होते, हे या दोन्ही अभ्यासांवरून दिसते.

खेड्यातील आवाजाचे मोल काही निराळेच असते. शहरातील मुलगा ‘नाचणी’ म्हणतो. मोखाडा, जव्हार आणि नाशिककडील डोंगरांत त्याच धान्याला ‘नागली’ म्हणतात. महाराष्ट्राच्या अनेक भागांत ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘लोणी’चे ‘लोनी’ होते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने शेतमालाचे बाजारभाव दूरध्वनीवर मराठीतून विचारता यावेत अशी व्यवस्था घडविण्याच्या कामात भाग घेतला, तेव्हा हाच प्रश्न समोर उभा होता. पिकाचे नाव शेतकरी आपल्या पद्धतीनेच घेणार. तो भाव विचारण्यापूर्वी पुण्याचे उच्चार शिकून येणार नाही.

मराठीचे असे, तर मग बोलींचे काय? जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत वारली, कातकरी, कोकणा, ठाकर, महादेव कोळी हे समाज राहतात. त्यांच्या घरांत निरनिराळ्या बोली बोलल्या जातात. भारतीय भाषांसाठी केंद्र सरकारने २०२२ साली ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषा हा त्याचा पाया आहे. त्या यादीत मराठी आहे, वारली किंवा कातकरी नाही. ज्या बोलींत छापील मजकूर थोडा, त्यांतील आवाजाच्या आणि लेखनाच्या जोड्या मुळातच विरळ. त्या कोणीतरी बसून, बोलून, ऐकून, लिहून तयार कराव्या लागतील. आज तरी वारली घरातील मूल शाळेतील यंत्रापुढे आपल्या घरच्या शब्दांत बोलले, तर यंत्र काहीतरी भलतेच लिहिण्याचा संभव आहे आणि त्या मुलास वाटेल, आपलेच बोलणे चुकीचे असावे. ते चुकीचे नसते. त्या यंत्राने तशी वाणी कधी ऐकलेलीच नसते, एवढाच त्याचा अर्थ.

डोंगरातील आणखी एक अडचण अगदीच साधी आहे. पुष्कळ यंत्रे आपले बोलणे स्वतः ओळखीत नाहीत. ती ते जाळ्यावरून दूरच्या एखाद्या मोठ्या संगणकाकडे पाठवितात, तेथे शब्द ओळखले जातात आणि उत्तर परत येते. दरीत उतरताच जाळे नाहीसे झाले, की असे यंत्र तत्काळ बहिरे होते. अलीकडे काही भाषांपुरते हे सर्व काम दूरध्वनीच्या आतच उरकण्याची सोय झाली आहे. तिचा आणखीही एक फायदा असा, की घरातील बोलणे घराबाहेर जात नाही. कान उघडे ठेवून सदैव आपल्या नावाची वाट पाहत बसलेले यंत्र घरात असले, तर त्याने काय ऐकावे आणि ऐकलेले कोठे पाठवावे, याची चौकशी घरातील मोठ्यांनी अवश्य केली पाहिजे.

सूर्यमाळच्या त्या विद्यार्थ्याने पडद्यावर ‘सूर्यमाला’ पाहिले, की तो बोटाने शेवटची अक्षरे पुसतो आणि ‘ळ’ लिहितो. काही दूरध्वनींत असा शब्द संग्रहात जपून ठेवता येतो. मग त्याच्यापुरते यंत्र पुढच्या वेळी शहाण्यासारखे वागू लागते. ही दुरुस्ती त्याच एका दूरध्वनीत राहिली आणि यंत्र घडविणाऱ्यांपर्यंत पोहोचली नाही, तर शेजारच्या घरातील मुलीने गावाचे नाव घेताच तिच्या पडद्यावर पुन्हा सूर्य आणि त्याचे ग्रह येऊन उभे राहतात.